स्टँडपासून तीन मिनिटं

ये इकडे, अशी दाराशी टेकून बसू नकोस. आल्यापासून तो फोन हातात धरलायस आणि चहा गार करून ठेवलायस. पुण्यात घर बघतेस, चांगलं आहे. ऑफिसला जायला किती मिनिटं लागतात ते फोन सांगतो, तेही चांगलं आहे. पण मघापासून तू मला सात मिनिटं, अकरा मिनिटं, चौदा मिनिटं असंच ऐकवते आहेस. जरा खाली ठेव तो. मिनिटं मोजून घर घेणाऱ्या माणसाबरोबर मी उभा जन्म काढलाय. त्यातलं थोडं तुला माहीत असलेलं बरं, कारण त्यात तुझी आई आहे आणि थोडी तूही आहेस.

तुझ्या आईचे धाकटे काका, आपले नाना, तेव्हा जळगावला कचेरीत होते. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. आम्ही दोघं आणि पदरात एक मूल. मी माहेरची रावेरकडची, केळीच्या बागांतली; नववी होताच माझं लग्न लावून दिलं होतं. जळगावात घराजवळ एक बालवाडी होती, तिथं मी मदतनीस म्हणून जायची. पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची, आणि बाई आल्या नाहीत की गाणी घ्यायची. गाणी मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होती. त्या बाईच मला म्हणाल्या, "तू दहावी हो. दहावी झालीस की माझ्या जागी तुला घेतील, मी स्वतः सांगेन." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दहावी व्हायचं आणि पोरांसमोर खुर्चीवर बसायचं. मदतनीस खाली बसते, बाई खुर्चीवर बसतात. हसू नकोस, मला ती खुर्ची फार हवी होती.

तेवढ्यात नानांची बदली झाली सोनगीरला. सोनगीर म्हणजे हायवेवरचं गाव, किल्ल्याच्या पायथ्याचं. तिथं राहायचं नाही, धुळ्याला राहायचं आणि रोज एस.टी.नं अप-डाऊन करायचं असं त्यांनी ठरवलं. ते बरोबरच होतं. मग चैत्रातल्या एका रविवारी आम्ही धुळ्याला घर बघायला आलो.

पहिलं घर बघितलं ते इथंच, देवपुरात. आता मी राहते त्याच्या दोन गल्ल्या पुढं. मागच्या बाजूला दोन खोल्या, पुढं घरमालकीण बाई. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. ओट्यावर चटई टाकलेली, भिंतीला फळा टेकवलेला. मी विचारलं, फळा कशाला? तर म्हणाल्या, "दुपारी बायका येतात. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतात. तुमचं किती झालंय?" मी नववी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग एकच पायरी राहिली." मी नानांकडे बघितलं. ते मनगटावरचं घड्याळ बघत होते.

तिथून आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो, पांझरेच्या पुलावरून, भर बाराच्या उन्हात. ते पुढं, मी मागं, पोर कडेवर. मला वाटलं पैसे वाचवायला रिक्षा करत नाहीत. तसं नव्हतं, ते मोजत होते. स्टँडवर पोचल्यावर म्हणाले, "पंचवीस मिनिटं." एवढंच.

दुसरं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या तळमजल्यावर, नळ चौकात चार बिऱ्हाडांत एक. खिडकी उघडली की स्टँडवरचा भोंगा घरात बोलायचा, शिरपूर गाडी फलाट अमुक, शिंदखेडा गाडी फलाट तमुक. डिझेलचा वास. नाना तिथून स्टँडपर्यंत गेले, परत आले, आणि मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसताना बघितलं. म्हणाले, "तीन मिनिटं. साडेतीनसुद्धा नाही."

मी म्हटलं, "पण सोनगीरची गाडी देवपुरावरूनच जाते ना? तिथंच हात दाखवून चढा की."

"देवपुरात चढलं की उभं राहावं लागतं."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास. इथं गाडी लागल्या लागल्या खिडकीतून रुमाल टाकता येतो. जागा पक्की."

मी फळ्याचं बोलले, बाईंचं बोलले. ते म्हणाले, "तुला चालत जाता येईल की दुपारी. पंचवीस मिनिटं काय जास्त आहेत?"

मघाशी त्यांनाच ती जास्त होती. पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि हे मला रात्री भांडी घासताना सुचलं, तोवर घरमालकाला हो म्हणून झालं होतं.

आता चूक कुठं झाली ते सांगते. घरापासून स्टँड तीन मिनिटांवर, हे नानांनी मोजलं. स्टँडपासून घरही तीनच मिनिटांवर आहे, हे मोजायचं राहिलं. आणि ते कोणी मोजलं ठाऊक आहे? गावानं. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी गेलो, तर नाना पारावर बसून सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, धुळ्याला आले की स्टँडवर उतरा, मागच्या गल्लीत तिसरं दार, विचारायचीसुद्धा गरज नाही. गावात कुणाला धुळ्याला काम नसतं? जिल्ह्याचं ठिकाण. कुणाची कोर्टात तारीख, कुणाचं कलेक्टर कचेरीत काम, कुणाची सून सिव्हिलला दाखल, कुणाला लग्नाचा बस्ता घ्यायचा. पहिली गाडी पावणेनवाला यायची, तेव्हा नाना खिडकीशेजारी बसून सोनगीरला पोचलेले असायचे. घरात कोण, तर मी.

आपल्याकडे आलेल्या माणसाला जेवलात का असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे अपमान. ताट वाढायचं. भाकरी थापतेय तोवर पुढची गाडी यायची. एकदा एक म्हातारी आली, पिशवी ठेवली, पाय धुतले, जेवली, तासभर पडली, उठून परत चहा घेतला. मी म्हटलं, माय, तुम्ही कुठल्या? तर म्हणाली, तुमच्या गावाच्या पलीकडच्या गावची, तुमच्या शेजारणीनं सांगितलं हे घर. आणि जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणते, "तुनं घर म्हंजे स्टँडनी धरमशाळाच शे, माय." चांगल्या मनानं म्हणाली. मी दार लावलं आणि तिथंच खाली बसून राहिले.

संध्याकाळी नाना यायचे तेव्हा पाहुणे त्यांच्या डोळ्यांपुढं असायचे ते जेवून हात पुसताना. त्यांना वाटायचं आपलं घर भरलेलं आहे.

तरीही मी बाईंकडे जात होते. आठवड्यात तीन दुपारी ठरलेल्या, त्यातली एखादी मिळायची. कधी पूल ओलांडून ओट्यावर पोचावं तर वर्ग सुटलेला असायचा. बाई रागावायच्या, "तू हुशार आहेस म्हणून जास्त राग येतो." मग त्या मला एकटीला बसवून गणितं घालायच्या. घरी पिठाचा डबा पालथा घालून त्यावर वही ठेवून मी ती सोडवायची. भाजी शिजेपर्यंत एक समीकरण. आज ज्या काही चार ओळी लिहिता येतात, त्या त्या डब्यावरच्या आहेत. तिसऱ्या वर्षी बाईंनीच माझा फॉर्म भरला. हॉल तिकीट आलं तेव्हा मी ते आरशामागं खोचून ठेवलं. केंद्र देवपुरातल्याच शाळेत, बाईंच्या घरापासून पाच मिनिटांवर.

मराठीचा पेपर झाला, हिंदीचा झाला. तिसरा बीजगणिताचा. सकाळी अकराला. बाईंनी सांगितलं होतं, तुला बाकी सगळं जमेल, बीजगणितात सांभाळ. मी सांभाळलं होतं गं. मला येत होतं. नाना आठला गेले. पोराला शेजारी ठेवायचं ठरलं होतं. नऊ वाजता मी वेणी घातली, दोन पेनं पदराच्या टोकाला बांधली, आणि दार वाजलं.

दारात तुझे आबा. नानांचे मोठे भाऊ, माझे जेठ. त्यांच्यामागं तुझी आई, एकोणीस वर्षांची, हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी केलेली साडी. तिच्यामागं गावातले दोन मोठे पुरुष.

वाईट वाटून घेऊ नकोस, तुझे आजोबा होते, मी त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. जसं झालं तसं सांगते. आमच्यात जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नसत, आणि मीही डोक्यावर पदर घेऊन भिंतीआड व्हायची. काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगायचे आणि मी ऐकायची. ते खुंटीला टोपी अडकवत भिंतीला म्हणाले की मुलाकडचे शिरपूरच्या गाडीनं येतात, अकराला मुलगी बघायचा कार्यक्रम, आठ-नऊ माणसं असतील, पोहे आणि शिरा पुरेल. त्यांना गाव लांब पडतं, आपल्याला त्यांचं गाव लांब पडतं, हे घर दोघांना मधे आहे, स्टँडला लागून. जेठाणी आल्या नव्हत्या. गव्हाची कापणी चालू होती. काकू आहे तिथं, सगळं करेल, असं घरून ठरवूनच निघाले होते.

मी स्वयंपाकघरात उभी. कुणाला सांगू? जेठांना तोंड उघडून सांगायची रीत नाही आणि ज्याला सांगता आलं असतं तो सोनगीरला. तुझी आई साडी बदलायला आत आली, आरशासमोर उभी राहिली, आणि तिला ते आरशामागचं तिकीट दिसलं. वाचलं तिनं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काकू, तुमचा पेपर आहे आज."

"आहे."

"मग तुम्ही जा. मी करते पोहे."

"तू पोहे करशील आणि बघायचं कुणाला? मला?"

ती हसली नाही. बाहेर गेली आणि बापाला म्हणाली, "आबा, काकूना पेपर शे आज. दहावीना."

आबांनी टोपी खुंटीवरून काढून परत अडकवली. मग ते भिंतीला म्हणाले, "पेपर काय, पुढला सालबी व्हई. पाव्हना थोडाच रोज येतस."

खरं सांगू का, मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं. मागच्या चौकातून निघाले असते तर पुलापर्यंत धावत जाता आलं असतं. दहा वाजले तेव्हा जाता येत होतं. साडेदहाला रिक्षानं जाता आलं असतं. मी कांदा चिरत होते आणि पावणेअकराला स्टँडवरचा भोंगा शिरपूर गाडी आली म्हणून बोलला तेव्हा मी पोह्यांवर पाणी शिंपडत होते. पदराची गाठ तशीच होती. पोहे ढवळताना ती दोन पेनं एकमेकांवर आपटत होती.

पाहुणे बसले. तुझी आई पाटावर बसली. मुलाच्या मामांनी विचारलं, "शिक्षण किती मुलीचं?" आणि तुझे आबा ताठ बसून म्हणाले, "दहावी पास. पहिल्या झटक्यात." मी दाराआड चहाचं ताट धरून उभी होते. ते ताट आत कसं नेलं ते मला आठवत नाही. मामांनी शिऱ्याचं कौतुक केलं. तिथंच सोयरीक जुळली. तो मुलगा म्हणजे तुझा बाप. चांगला माणूस निघाला, तुझ्या आईनं सुखाचा संसार केला, तू झालीस. त्या दिवसावर मी पूर्ण चिडूही शकत नाही, हे माझं दुसरं दुखणं.

बाई संध्याकाळी स्वतः पूल ओलांडून आल्या. मी आजारी पडले असं त्यांना वाटलं होतं. दारातून त्यांनी उष्ट्या ताटल्यांचा ढीग बघितला, मला बघितलं, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी नानांचा सदरा धुवायला घेतला. खिशात चिठ्ठी. तेव्हा गावाकडचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवायचे, तो सोनगीरला कचेरीत आणून द्यायचा. शाई पाण्यानं पसरली होती पण वाचता येत होतं. अमक्या दिवशी अकराला कार्यक्रम तुझ्या घरी, घरात सांगून ठेव. मी ती ओली चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"ही कधी आली?"

"झाले असतील आठ दिवस."

"मला सांगितलं का नाही?"

ते पेपर वाचत होते, तो खाली ठेवला नाही. "सांगून काय झालं असतं? तू चार-पाच दिवस तोंड पाडून बसली असतीस, आणि पोहे तर तुलाच करायचे होते."

मी म्हटलं, "देवपुरात राहिलो असतो तर हे झालं नसतं."

"तिथंही आले असते. माणसं माणसांकडे येतात."

निकालात बाकी सगळ्या विषयांत पास आणि त्या एका ठिकाणी गैरहजर. नाना म्हणाले ऑक्टोबरला दे. ऑक्टोबरचा फॉर्म मी भरलाच नाही. का नाही भरला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. मी गेले नाही. लाज वाटत होती, की राग, की दमले होते. त्यानंतर मी वाचत राहिले, हाताला लागेल ते, पण खुर्चीवर काही बसले नाही.

त्या घरात आम्ही तेरा वर्षं काढली. मग नव्वदनंतर कधीतरी नानांची बदली धुळ्यातच झाली, आणि सोसायटीत हे घर झालं. देवपुरात. आता त्यांना रुमाल टाकायचा नव्हता, म्हणून पंचवीस मिनिटं चालली. मी सामान लावलं, मोठं पातेलं घासून हाताशी ठेवलं. सवय होती. पहिल्या महिन्यात कोणी आलं नाही. मला वाटलं पत्ता माहीत नसेल. आखाजीला जाऊन मी स्वतः सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या वर्षी तुझे आबा एकदा आले, रिक्षातून उतरून घाम पुसत भिंतीला म्हणाले, "दूर पडस हाई घर." पुन्हा आले ते लग्नाची पत्रिका द्यायला.

एकदा बाजारात जुन्या घरातली नवी भाडेकरीण भेटली. मला म्हणते, "तुमचे पाहुणे अजून येतात हो माझ्याकडे. दार उघडलं की विचारतात, वहिनी कुठं आहेत? मी सांगते, देवपुरात राहायला गेल्या. मग म्हणतात, बरं. पाणी द्या मग."

मी हसले तिच्यासमोर. भाजी घ्यायची विसरून घरी आले. तेरा वर्षं ज्यांच्यासाठी भाकरी थापल्या त्यांना पूल ओलांडायचा कंटाळा आला. ती माणसं माझ्याकडे येत नव्हती, स्टँडकडे येत होती, मधे माझी चूल होती एवढंच. नानांना मी हे सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "तू तेव्हा म्हणाली होतीस खरी." त्यांच्याकडून मला मिळालेलं तेवढंच. एवढ्या उशिरा आलेलं ते परत करावंसं वाटलं, पण मी केलं नाही.

बाई तोवर मुलाकडे नाशिकला गेल्या होत्या. ओटा तसाच होता, फळा नव्हता. मी रोज भाजीला तिकडूनच जाते, आजही, लांबचा रस्ता असून.

नाना गेले तेव्हा परगावी नोकरीला असलेलं आमचं पोर आलं, आणि गावही आलं होतं. तेराव्याच्या दिवसावर सगळे जेवले, चार चांगलं बोलले, आणि तीन वाजता एकेक जण घड्याळ बघायला लागला. शेवटची थेट गाडी साडेचारला होती. स्टँड लांब ना इथून.

तर हे असं. तू ऑफिसजवळ घर घेऊ नकोस असं माझं म्हणणं नाही. उभं राहून जाण्यात काही शहाणपण नाही, पाय दुखतात, नाना त्यात चुकीचे नव्हते. पण तुझ्या त्या फोनला एकदा दुसरंही विचार. तुला पुढचं शिकायचंय म्हणतेस, तो तुझा संध्याकाळचा वर्ग त्या घरापासून किती मिनिटांवर? आणि उद्या कुणाबरोबर राहायला लागलीस, तर दोघांचीही मिनिटं मोज, एकाचीच नाही. तोंडानं मोज, मोठ्यानं, तिथंच उभी राहून. घरमालकाला हो म्हणायच्या आधी. मी भांडी घासताना मोजली, त्याचा उपयोग नाही.

बघ, तुझीही गाडीची वेळ झाली. मघापासून दोनदा बघितलंस घड्याळ, मला दिसतं. जा. आईला सांग काकू विचारत होती. तिनं त्या दिवशी बापाला तोंड उघडून सांगितलं होतं, हे मी विसरलेले नाही, एवढंही सांग. आणि पुढच्या वेळी अशी दोन गाड्यांच्या मधली येऊ नकोस. स्टँडवर उतरलीस की रिक्षा करू नकोस, पुलावरून चालत ये, पंचवीस मिनिटं लागतात, मी मोजलेली आहेत. दोन दिवस राहायचं काढून ये. आणि लवकर ये, बाई, पातेलं मोठं आहे आणि मी एकटीच आहे.